ताप न आलेली माणसं

2009 च्या उत्तरार्धात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, 74 घरांतल्या माणसांची तपासणी केली. या प्रत्येक घरात एकाला तरी स्वाईन फ्लू, म्हणजे एच1एन1 फ्लूचा नवा प्रकार, झाल्याचं पीसीआर चाचणीने पक्कं झालं होतं. संस्थेला जाणून घ्यायचं होतं ते घरातल्या बाकीच्यांबद्दल. त्याच छपराखाली झोपणारे, एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे हे लोक. त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत विषाणू पोहोचला होता? रक्त तपासल्यावर उत्तर मिळालं: 25.6 टक्के. घरातल्या दर चार माणसांतल्या एकाच्या रक्तात या नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशा प्रमाणात सापडली.

ही प्रतिपिंडं आपोआप तयार होत नाहीत. विषाणू शरीरात शिरला, वाढला आणि शरीराने त्याला तोंड दिलं, याची ती खूण असते. त्या वेळी या विषाणूवरची लस भारतात दिली जात नव्हती, त्यामुळे लसीमुळे ही खूण उमटली असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद अशी की, नव्या विषाणूच्या संसर्गांपैकी जवळपास 90 टक्के संसर्ग एकतर लक्षणांशिवाय होते किंवा अगदी सौम्य होते.

त्या पावसाळ्यातलं पुणे ज्यांना आठवतं, त्यांना हा आकडा पटायला जड जाईल. 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यातल्या एका 14 वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. स्वाईन फ्लूने गेलेला भारतातला तो पहिला बळी. पुढच्या काही दिवसांत शहराचा नूर पालटला. डॉ. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतून मास्क गायब झाले, शाळा-महाविद्यालयं आणि चित्रपटगृहं बंद ठेवावी लागली. पिंपरी-चिंचवडमध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावर ताण आला. महिनाअखेरीस गणपती होते, आणि यंदा मांडवात गर्दी करायची की नाही, यावर घराघरांत चर्चा चालली होती. भीती खरी होती आणि मृत्यूही खरे होते. पण शहर ज्या साथीकडे पाहत होतं ती रुग्णालयाच्या रांगेत दिसणारी साथ. तिच्या कितीतरी पट मोठी साथ घराघरांतून न खोकता, न कण्हता पुढे सरकत होती.

तिचा आवाका किती? ऑक्टोबर 2009 मध्ये पुण्याच्या सर्वसाधारण लोकसंख्येतल्या 2328 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 5.7 टक्के लोकांत नव्या विषाणूची खूण सापडली. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे 31 लाख होती. ढोबळ हिशेब मांडला तर एका शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं या विषाणूला सामोरी गेली होती. त्यांतल्या बहुतेकांना रांगेत उभं राहण्याची गरजच पडली नाही. आणि ज्या घरात रुग्ण होता तिथलं 25.6 टक्के हे प्रमाण सर्वसाधारण लोकांतल्या प्रमाणाच्या साडेचार पट भरतं. विषाणूला पसरायला घरासारखी जागा नाही, हे या दोन आकड्यांवरून दिसतं.

टर्कीचं रक्त आणि 1:40

आजारीच न पडलेल्या माणसाला संसर्ग झाला होता हे ओळखायचं कसं? ही चाचणी डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. 1941 मध्ये जॉर्ज हर्स्ट या अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटतो आणि त्या एकमेकींत अडकून पडतात. पण आधीच प्रतिपिंडांनी विषाणूला घेरलं असेल, तर तो पेशींना चिकटू शकत नाही. सगळी चाचणी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रयोगशाळेत 96 छोट्या खळग्यांची प्लास्टिकची पारदर्शक ताटली घेतात. माणसाच्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे सीरम, पहिल्या खळग्यात दहापट पातळ करून ठेवतात; पुढच्यात वीसपट, मग चाळीसपट, ऐंशीपट. प्रत्येक खळग्यात विषाणूचं ठरावीक प्रमाण घालतात आणि शेवटी टर्की पक्ष्याच्या तांबड्या पेशींचा एक थेंब सोडतात. अर्ध्या तासाने ताटली तिरकी धरून प्रकाशात पाहायची. जिथे प्रतिपिंडांनी विषाणूला रोखलं, तिथे पेशी मोकळ्या राहून तळाला साचलेल्या असतात आणि ताटली तिरकी करताच लाल ओघळ अश्रूसारखा खाली उतरतो. जिथे विषाणू जिंकला, तिथे पेशींचं फिकट जाळं खळगाभर पसरून जागीच राहतं. चाळीसपट पातळ केलेल्या, म्हणजे 1:40 च्या, सीरममध्येही लाल ओघळ दिसला, तर त्या माणसाला संसर्ग होऊन गेला असं पुण्याच्या अभ्यासात धरलं गेलं.

ही रेघ 1:40 वरच का? कारण ती खाली आणली तर चुकून होकार मिळण्याची शक्यता वाढते आणि वर नेली तर खरे संसर्ग निसटतात. पुण्याच्या संशोधकांनी साथीच्या आधी, 2005 ते मार्च 2009 या काळात जमवलेले सीरमचे 222 जुने नमुने याच कसोटीवर तपासले. त्यांतले फक्त दोन होकारार्थी निघाले. म्हणजे या चाचणीत उगाच होकार मिळण्याचा धोका फार कमी होता.

उलट बाजूने मात्र ती बरीच कडक होती. पीसीआरने स्वाईन फ्लू पक्का झालेल्या 65 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या 48 जणांतच खूण मिळाली. उरलेले 17 जण नक्की आजारी पडले होते, पण रक्ताची साक्ष तेवढी ठाम नव्हती. रेघ 1:10 वर आणली असती, तर होकारार्थी लोकांचं प्रमाण दीडपट ते तिप्पट झालं असतं. तेव्हा घरातल्या चारांपैकी एकाला संसर्ग हा आकडा फुगवलेला नाही. झाला तर तो कमीच असेल.

ताप येतो कुठून

विषाणू शरीरात शिरूनही माणूस धडधाकट कसा राहतो, हे समजण्यासाठी ताप म्हणजे काय ते पाहावं लागतं. इन्फ्लुएन्झाचा विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो. तो सहसा रक्तातून अंगभर हिंडत नाही. तरीही पोटऱ्या दुखतात, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. याचं कारण हा त्रास मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या इशाऱ्यांचा असतो. संसर्ग झालेल्या पेशी इंटरफेरॉन आणि त्यासारखी इतर रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रण केंद्रापर्यंत खबर पोहोचवतात आणि शरीराचं तापमान वर चढतं.

विषाणू वाढायच्या आतच आवरला गेला, तर एवढा गजर होत नाही. आधीच्या एखाद्या फ्लूमुळे तयार असलेली प्रतिकारशक्ती नव्या विषाणूला पुरती अडवत नसली, तरी त्याचा वेग कमी करू शकते. शरीरात शिरलेल्या विषाणूचं प्रमाणच थोडं असेल तरी फरक पडतो. पुण्यात तपासलेल्या त्याच लोकांपैकी 55.3 टक्के जणांत एच3एन2 या नेहमीच्या हंगामी फ्लूची प्रतिपिंडं होती आणि 26.4 टक्के जणांत जुन्या हंगामी एच1एन1 ची. फ्लू आपल्या घरात वर्षानुवर्षं येतोय आणि जातोय. त्याची नोंद कॅलेंडरवर नसली तरी रक्तात राहते.

लक्षणं नसणं आणि लक्षणं थोडी असणं यांच्या मधली हद्द फार धूसर आहे. घसा दिवसभर खवखवला, संध्याकाळी अंगात जरा कसर वाटली, दोन शिंका आल्या. घरात यावर 'पावसात भिजलास', 'हवा बदललीय' एवढंच बोललं जातं. सुंठ घातलेला चहा होतो, रात्री वाफ घेतली जाते आणि सकाळी माणूस कामाला निघतो. वैद्यकीय व्याख्येत ताप आणि खोकला दोन्ही असतील तर फ्लूसदृश आजार धरतात. अशी बारीकसारीक तक्रार कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

गोंधळाला दुसरीही बाजू आहे. 2009 च्या जून-जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ आली, तेव्हा तिथल्या सगळ्या 415 जणांचं रक्त एनआयव्हीने तपासलं. फ्लूसारखा आजार 295 जणांना झाला होता, पण नव्या विषाणूची प्रतिपिंडं 216 जणांतच मिळाली. पावसाळ्यात आणखी कितीतरी विषाणू हिंडत असतात, त्यामुळे ताप आला म्हणजे फ्लूच असंही नाही. आजाऱ्यांची यादी आणि संसर्ग झालेल्यांची यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. त्यांचा काही भाग एकमेकांवर येतो, तेवढंच.

जगभरचे आकडे का जुळत नाहीत

फ्लू होऊनही लक्षणं नसलेल्यांचं प्रमाण किती, या प्रश्नाला जगात वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत. इंग्लंडमध्ये 2006 ते 2011 या काळात 'फ्लू वॉच' नावाचा अभ्यास चालला. हिवाळ्याच्या आधी आणि नंतर लोकांचं रक्त घेऊन तुलना केली, तेव्हा लस न घेतलेल्यांपैकी दर हंगामात सुमारे 18 टक्के लोकांना संसर्ग झालेला दिसला. आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत लक्षणांची नोंद नव्हती. याउलट एखाद्या घरात वा संस्थेत साथ आल्यावर तिथल्या माणसांच्या नाका-घशाचे नमुने तपासणाऱ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण 16 टक्क्यांच्या आसपास भरलं.

यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. रक्ताची चाचणी काही महिन्यांपूर्वी येऊन गेलेला आणि लोक विसरूनही गेलेले संसर्ग उघड करते. नाकातला नमुना घेणारे संशोधक मात्र रोज विचारतात: घसा दुखतोय का, नाक वाहतंय का? रोज विचारलं की बारीकशी तक्रारही आठवते, म्हणून 'काहीच नाही' म्हणणारे कमी उरतात.

या वादात दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाने मोलाची भर घातली. तिथे कोणी आजारी पडण्याची वाट पाहिली नाही. 2017 आणि 2018 मध्ये एक ग्रामीण आणि एक शहरी भाग निवडून 225 घरांतल्या 1116 लोकांच्या नाकातले नमुने आठवड्यातून दोनदा घेतले गेले, तेही महिनोन्‌महिने. एकूण नमुने 81 हजारांवर गेले. फ्लूच्या संसर्गांपैकी जवळपास निम्मे लक्षणांशिवायचे होते. घरातला पहिला संसर्ग अशा लक्षणविरहित माणसाला झाला असेल, तर त्याच्याकडून घरातल्या सुमारे 6 टक्के लोकांना लागण झाली.

सहा टक्के हा आकडा दोन्ही बाजूंनी नीट तोलायला हवा. न खोकणारा माणूस खोकणाऱ्याइतका विषाणू पसरवत नाही, हे त्यातून दिसतं. हाँगकाँगमधल्या घरांच्या अभ्यासांतही असंच आढळलं: लक्षणं नसलेल्यांच्या नाका-घशात विषाणूचं प्रमाण बरंच कमी असतं आणि तो टिकतोही कमी दिवस. पण सहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ज्याला उद्या ताप येणार आहे, त्याच्या नाकात विषाणू आजच, लक्षणांच्या साधारण एक दिवस आधी, दिसू लागतो. ताप पाहूनच सावध होणाऱ्या घराला हा एक दिवस कधीच सापडत नाही.

मारुंजीतलं घर

हे सगळं मारुंजीसारख्या गावात आणून ठेवलं की त्याचा अर्थ जास्त उघड होतो. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून आहे. गावठाणात जुनी घरं, त्यांच्या मागे भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या ओळी, पुढे उंच इमारतींची संकुलं, आणि मध्ये पीजी. लक्ष्मी चौकाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात सकाळी आयटीतली माणसं, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका आणि कॉलेजची मुलं एकमेकांना खेटून बसतात. कुणाचा रोजचा फेरा चाकण-भोसरीच्या कंपनीच्या बसने होतो.

समजा, अशाच एका घरात पाच माणसं आहेत. आजोबांना मधुमेह आहे. सूनबाईंना सातवा महिना लागलाय. नातवाच्या शाळेत दोन मुलं तापाने घरी बसली होती. नातवाचं नाक दोन दिवस वाहिलं आणि थांबलं. मुलगा सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला येतो, त्याला तर शिंकही आली नाही. तीन दिवसांनी आजोबांना धाप लागते.

"घरात कुणाला ताप-खोकला?" डॉक्टर विचारतात.

"नाही हो डॉक्टर, सगळे ठणठणीत आहेत."

हे उत्तर प्रामाणिक आहे. तरी त्यात नातवाचे ते दोन दिवस आलेले नाहीत. वयस्क माणसांत तर आणखी एक अडचण असते: फ्लू होऊनही त्यांना दणकून ताप येतोच असं नाही. कधी नुसता थकवा येतो, जेवण जात नाही, बोलण्यात थोडा गोंधळ दिसतो. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत सुरू केलं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, म्हणून हा उशीर महागात पडतो. 'गेल्या आठवड्यात घरात कुणाचं नुसतं नाक वाहिलं का, घसा बसला का?' एवढा एक प्रश्न वाढवला तर माहिती बदलते.

या पट्ट्यात घराची व्याख्याही रुंद करावी लागते. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे राहतात. दोघे दिवसपाळीला, दोघे रात्रपाळीला. नाती नाहीत, पण हवा एकच, मेसचा डबा एकत्र उघडायचा, पंखा सगळ्यांवर फिरणारा. विषाणूच्या दृष्टीने हे एक कुटुंबच आहे. त्यातला कंत्राटी कामगार अंगदुखी आणि कणकण अंगावर काढतो, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. हे थोडी लक्षणं असलेले लोक न खोकणाऱ्यांपेक्षा जास्त विषाणू सोडतात आणि कामावर जाणं मात्र टाळू शकत नाहीत. त्यांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं ठरेल. दोन दिवसांची भरपगारी रजा हा या ठिकाणी आरोग्याचाच उपाय आहे, आणि तो देणं कंत्राटदार आणि कंपनीच्या हातात आहे.

मग करायचं काय

घरातल्या प्रत्येकाची चाचणी करत बसणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. भारत सरकारच्या 2009 च्या सूचनांतही साध्या सर्दी-तापाला चाचणी सांगितलेली नव्हती. दम लागणं, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं अशी लक्षणं असलेल्यांनाच तातडीने दाखल करून तपासायचं होतं. निरोगी तरुणाला बिनलक्षणांचा फ्लू होऊन गेला, तर त्याचं सहसा काही बिघडत नाही. प्रश्न त्याच घरातल्या आजोबांचा, गर्भवतीचा, दम्याच्या रुग्णाचा आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा आहे.

हाँगकाँगमध्ये 259 घरांत एक प्रयोग करण्यात आला. काही घरांना हात धुण्याची सवय लावली आणि मास्कही दिले. सगळी घरं एकत्र धरली तर फरक ठळक नव्हता. पण जिथे पहिल्या रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून 36 तासांच्या आत दोन्ही सुरू झालं, तिथे घरातली लागण कमी झाली. मारुंजीतल्या त्या घरासाठी याचा अर्थ असा की, नातवाच्या पहिल्या शिंकेलाच त्याची गादी आजोबांच्या खोलीतून हलवावी, आजोबांजवळ जाताना मास्क लावावा, पाऊस असला तरी खिडकीची एक झडप उघडी ठेवावी. थर्मामीटरने होकार देण्याची वाट पाहू नये.

ज्याच्यापासून धोका आहे तो माणूस ओळखता येत नसेल, तर ज्याला धोका आहे त्याला आधीच तयार ठेवणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. फ्लूची लस प्रत्येक संसर्ग थांबवत नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी करते. गर्भवतीने घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळापर्यंत पोहोचतात आणि ज्या महिन्यांत बाळाला स्वतः लस घेता येत नाही, त्या महिन्यांत त्याचं रक्षण करतात. 2015 च्या मोठ्या साथीच्या वर्षात महाराष्ट्र सरकारने गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस सरकारी रुग्णालयांतून मोफत द्यायला सुरुवात केली.

युरोप-अमेरिकेत ही लस हिवाळ्याआधी घेतात. पुण्याचं वेळापत्रक वेगळं आहे. एनआयव्हीने देशभरातल्या केंद्रांचे आकडे तपासून दाखवलं आहे की, भारताच्या बहुतेक भागांत फ्लूचा मोठा उठाव पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये होतो, पुण्यातही तसंच. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात, तिचा जोर वर्षभर टिकत नाही आणि विषाणू बदलत असल्यामुळे ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. जूनमध्ये पाऊस धरतो आणि त्याच सुमारास शाळा उघडतात. मारुंजीतल्या आजोबांनी आणि गर्भवती सुनेने ती एप्रिल-मेमध्ये, नातवाचं दप्तर भरायच्या आधी घेतलेली बरी.